‘परत बोलावून घेऊ का त्याला?’

“मुलगा परदेशात व्यावसायिक फुटबॉल खेळतो. मिडफिल्डर आहे, म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळतो. गेला हंगाम बहुतेक बेंचवरच गेला, आता तर सामन्याच्या यादीतही नाव नसतं. फोन उचलत नाही. उचललाच तर ‘ठीक आहे’ म्हणतो आणि ठेवतो. परत बोलावून घेऊ का त्याला?”

मी समुपदेशक. विचारणारे वडील होते. सोबत आई होत्या आणि मुलाची थोरली बहीण. ही गोष्ट लिहायला मुलाने परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि नावं मुद्दाम टाळली आहेत. शिक्षणासाठी, नोकरीसाठी लांब गेलेल्या मुलांचे आईवडीलही मला जवळजवळ याच शब्दांत विचारतात. फुटबॉलमध्ये फरक एवढाच, की इतरांच्या मुलाचा वाईट दिवस कुणाला दिसत नाही. या मुलाचा दर शनिवारी साऱ्या जगाला दिसतो, आणि वर त्याला दहापैकी गुणही मिळतात.

ते गुण वडिलांच्या फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये होते. ६.२, ६.४, मग ‘खेळला नाही’, ‘खेळला नाही’, ‘यादीत नाही’. किती पास दिले, किती पोचले, चेंडू किती वेळा गमावला, सगळं त्यांना पाठ. एक सामना त्यांनी मला खुर्चीच्या टोकाशी बसून समजावून सांगितला. “मॅडम, चौसष्टाव्या मिनिटाला उतरवला. संघ एका गोलने मागे. आणि याने पंचवीस मिनिटांत एकही पास पुढे दिला नाही! मी त्याच रात्री फोन करून सांगितलं त्याला.”

“तो काय म्हणाला?”

“हो म्हणाला.”

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तो रात्री अडीच-तीनला ऑनलाइन दिसतो. तिकडचे अडीच-तीन. मग झोपतो कधी?”

दोघांनाही मुलगा परत हवा होता, पण कारणं वेगळी होती. वडिलांना कारकिर्दीची काळजी, आईंना मुलाची. घरात या दोन्ही काळज्यांची इतकी सरमिसळ झाली होती की एकीचं उत्तर मिळालं की दुसरीही मिटेल असं सगळे धरून चालले होते. तसं होत नाही. बार्सिलोनाचा आंद्रेस इनिएस्ता २००९ मध्ये सगळे मोठे चषक जिंकलेला मिडफिल्डर होता आणि त्याच काळात तो नैराश्यात गेला, हे त्याने पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं. त्या उन्हाळ्यात त्याचा मित्र, एस्पान्योलचा कर्णधार दानी हार्के, अचानक वारला होता. इनिएस्ताने उपचार घेतले. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल केल्यावर त्याने जर्सी काढली तेव्हा आतल्या बनियनवर हार्केचं नाव होतं. उलट, बेंचवर बसलेला पण रात्री शांत झोपणारा खेळाडूही असतो. म्हणून मी सांगितलं की आधी मुलगा कसा आहे ते पाहू, त्याच्या फुटबॉलचं नंतर.

त्याच्याशी बोलायची तयारी दाखवताना मी दोन अटी घातल्या. बोलण्याची इच्छा त्याची हवी, आणि जिवाला धोका असल्याखेरीज तो जे सांगेल ते मी घरी सांगणार नाही. दुसरी अट वडिलांना जड गेली. “फी तर मीच...” असं काहीतरी म्हणता म्हणता ते थांबले आणि मान हलवली. बावीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या मुलाबाबत ही अट समजावून सांगावी लागते, याचं मला आता नवल वाटत नाही.

मुलाचा निरोप लगेच आला नाही. आला तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्याचं पहिलं वाक्य होतं, “मला परत यायला पटवा असं बाबांनी सांगितलंय ना?”

“नाही. आणि सांगितलं असतं तरी ते माझं काम नव्हे.”

त्यानंतर तो हळूहळू बोलायला लागला. मी त्याला दिवस कसा जातो ते विचारलं. ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला खेळाडू हमखास ‘ठीक’ म्हणतात. दिवसाचा हिशेब मागितला तर खरं बोलतात. सकाळी सराव, व्यायामशाळा, एकत्र जेवण. दुपारी दोनपर्यंत सगळं आटोपतं. पुढे रिकाम्या फ्लॅटमध्ये दहा-बारा तास. संघातल्या बाकीच्यांना तिथेच घर, बायकामुलं, शाळेपासूनचे मित्र. सामन्याचा दुसरा दिवस सर्वांत वाईट. खेळलेले खेळाडू सावकाश सायकल चालवून, मालिश करून घरी जातात. न खेळलेल्यांना मात्र जोरदार सराव असतो, सामन्यात न पडलेला ताण भरून काढायला. “मैदानावर आम्ही सहा-सात जणच असतो मॅडम. आपण इथे का आहोत ते प्रत्येकाला माहीत असतं. कुणी कुणाकडे बघत नाही.”

त्याच्या बेंचवर बसण्याचं कारण घरच्यांना जे वाटत होतं ते नव्हतंच. ज्या कोचने त्याला मागून घेतलं, त्याला क्लबने पहिल्याच हिवाळ्यात काढून टाकलं. तो कोच संघ ४-२-३-१ अशा मांडणीत खेळवायचा, बचावापासून पुढे मोजत. सर्वांत पुढे असणाऱ्या स्ट्रायकरच्या मागे मोकळं फिरणाऱ्या ‘दहा नंबर’ची जागा त्यात होती आणि हा मुलगा लहानपणापासून दहा नंबर. नव्या कोचच्या ३-४-३ मध्ये ती जागाच नाही. मध्यभागी दोघेच, आणि दोघेही चेंडू हिसकावणारे. परदेशातल्या खेळाडूंना हे वारंवार भोगावं लागतं: करार क्लबशी असतो पण निवडलेलं असतं एका कोचने, आणि तो कोच केव्हा जाईल ते सांगता येत नाही. घरी मात्र बातमी पोचते ती ‘मुलगा कमी पडला’ एवढीच.

दुसरं कारण भाषेचं. मिडफिल्डरला भाषा इतरांपेक्षा जास्त लागते, हे मला या मुलामुळे नीट समजलं. कडेने खेळणाऱ्या विंगरच्या एका बाजूला सीमारेषा असते, तिकडून कुणी येत नाही. मिडफिल्डरवर चारही बाजूंनी माणसं येतात. चेंडू पायाशी येण्याआधी खेळाडू मान वळवून किती वेळा आजूबाजूला पाहतात यावर नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. शावी आणि फ्रँक लँपार्ड यांच्यासारखे मिडफिल्डर त्यात फार वर येतात. पण मान वळवूनही जे दिसत नाही ते सोबत्यांनी ओरडून सांगायचं असतं. मागे माणूस आहे, वळ, वेळ आहे, परत दे. ही ओरड तिथल्या भाषेत याच्या कानावर पडायची, डोक्यात आधी इंग्रजीत उलटायची आणि मग पायापर्यंत जायची. तेवढ्यात अर्धा सेकंद गेलेला असायचा. कोचच्या लेखी मुलगा निर्णय घ्यायला मंद ठरला. मुलालाही ते पटलं होतं, आणि मला जास्त चिंता त्याची वाटली.

मग कधीतरी, विषय भलताच चालू असताना, तो म्हणाला, “कधी कधी वाटतं, सरावात हॅमस्ट्रिंग जावी. तीन-चार आठवड्यांची.”

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. तो दुखावला जावा असं त्याला वाटत होतं. हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. परीक्षेआधी ताप यावा असं वाटणारी मुलं, कामावर जाताना छोटासा अपघात व्हावा असं वाटणारी माणसं. यात एक हिशेब असतो. दुखापत झालेल्याला ‘तू का खेळत नाहीस’ असं कुणी विचारत नाही. वडीलही विचारत नाहीत. उलट मायेने चौकशी करतात. न खेळण्याची ती एकच अब्रूदार रीत. हा विचार आला म्हणजे माणूस जिवावर उठला असं नव्हे, पण तो ऐकून पुढच्या विषयाकडे जायचं नसतं. मी सरळ विचारलं: स्वतःला इजा करावीशी वाटते का, जगू नये असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच हलकेपणा वाटतो. त्याने माझ्याकडे पाहून ‘नाही’ म्हटलं आणि ते खरं वाटलं. तरीही पुढच्या प्रत्येक भेटीत मी तो प्रश्न विचारत राहिले.

पाठोपाठ दारू, गोळ्या आणि बेटिंग. खेळाडूंशी बोलताना या तीन चौकशा मी टाळत नाही. रिकामी दुपार, खिशात पैसे आणि हातात फोन हे एकत्र आलं की बेटिंगचं दार उघडंच असतं. इटलीचा मिडफिल्डर सांद्रो तोनाली २०२३ च्या उन्हाळ्यात मिलान सोडून इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये बेटिंगच्या प्रकरणात त्याच्यावर दहा महिन्यांची बंदी आली. शिक्षेचा उरलेला भाग व्यसनावरचे उपचार आणि तरुणांसमोर बोलणं असा होता. तो परत आला आणि आता नियमित खेळतो. त्याच वर्षी डेले अली या इंग्लिश मिडफिल्डरने झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनाबद्दल उघड मुलाखत दिली. मी ही नावं घेतल्यावर मुलगा जरा वेळ थांबला. बेटिंग नव्हतं. गोळ्या मात्र होत्या, एका सहकाऱ्याने दिलेल्या, ‘कधीतरी’ घेतलेल्या.

झोपेची गोळी डॉक्टरांशिवाय घ्यायची नाही, हे समुपदेशकाने फक्त सांगून भागत नाही. डॉक्टर गाठावाच लागतो. पण क्लबच्या डॉक्टरकडे जायला तो घाबरत होता. कोचच्या कानावर गेलं तर उरलीसुरली संधीही जाईल, ही भीती. ती अगदीच अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. वैद्यकीय माहिती गुप्त राहायला हवी, पण क्लबची इमारत लहान असते आणि भिंतींना कान असतात. म्हणून त्याने आधी तिथल्या खेळाडू संघटनेकडे विचारणा केली. फुटबॉल खेळणाऱ्या बऱ्याच देशांत अशी संघटना असते आणि अनेक संघटना क्लबला न कळवता मानसिक आरोग्याची मदत मिळवून देतात. या संघटनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिफप्रोने, २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात ६०७ खेळत्या खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांनी नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणं सांगितली होती. हा आकडा ऐकल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “मग ड्रेसिंग रूममध्ये कुणीच कसं बोलत नाही?” कारण त्यालाही ठाऊक होतं. तो तरी कुठे बोलत होता!

संघटनेने सुचवलेल्या बाहेरच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. ताण, बिघडलेली झोप, काही लक्षणं चिंतेची. गंभीर नैराश्य नव्हे. गोळ्या थांबल्या, झोपेवर रीतसर काम सुरू झालं. मला स्वतःला दिलासा आधीच मिळाला होता, तोही फुटबॉलमुळेच. एकदा मी सहज म्हटलं की आकड्यांत न दिसणारं काम मिडफिल्डर करतात असं ऐकते. त्यावर तो क्लोद माकेलेलेवर पंधरा मिनिटं बोलला. २००३ मध्ये रियाल माद्रिदने त्याचा पगार वाढवायला नकार दिला, तो चेल्सीला गेला, क्लबला वाटलं फरक पडणार नाही, आणि पुढचं लीग विजेतेपद मिळायला २००७ उजाडलं. माकेलेले कुठे उभा राहायचा, आधीच दोन पावलं कशी सरकायचा, हे त्याने पेनं आणि खोडरबर टेबलावर मांडून मला दाखवलं. नैराश्य खोल असलं की माणसाची सगळ्यात आवडत्या गोष्टीतली गोडी जाते. याची गेली नव्हती. तो थकला होता फुटबॉलभोवतीच्या बाकी सगळ्याला.

त्या ‘बाकी सगळ्या’त वडिलांचा फोन बराच वर होता.

वडिलांना बोलावून मी एकच विनंती केली: सामन्यानंतर दोन दिवस खेळाचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर बोला. गुणांचा तर उल्लेखही नको. ते पटकन हो म्हणाले, निघायला उठले आणि दाराशी थांबले. “मग बोलू काय?”

प्रश्न खरा होता. मुलगा सात वर्षांचा असल्यापासून या दोघांमध्ये फुटबॉलशिवाय दुसरा विषय झालाच नव्हता. पहाटेचे सराव, शिबिरं, निवड चाचण्या, मैदानावरून घरी येताना सामन्याची उजळणी. वडिलांनी नोकरी सांभाळून हे सगळं केलं होतं आणि मुलालाही ते हवं होतं. टीका करायला ते फोन करत नव्हते. त्यांना मुलाजवळ जायला ठाऊक असलेली वाट तेवढी एकच होती. मुलाला मात्र त्या वाटेवर रोज परीक्षा दिसत होती. मी त्यांना सुचवलं की तुमचं काही सांगा. “माझं काय सांगणार? माझं काही नाही.” मी म्हटलं, तेच सांगा.

पहिले काही फोन अवघड गेले. मुलगा मला म्हणाला, “बाबा हवामान विचारतात. मग आम्ही दोघं गप्प.” मग एका रविवारी वडिलांनी सांगितलं की ऑफिसात नवा साहेब आला आहे, त्यांच्या निम्म्या वयाचा, आणि त्यांचं काम त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं आहे, बसायला जागा आहे, हातात काही नाही. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा आधी काहीच बोलला नाही, मग हसला. “बाबा, तुम्हीपण बेंचवर?” त्या दिवशी ते पाऊण तास बोलले. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांनीही ‘तुम्ही त्याला/त्यांना सांगू नका’ असं बजावलं.

थोरल्या बहिणीने मधल्या काळात वेगळंच काम हाती घेतलं होतं. तिने भावाकडून करार मागवला आणि वाचून काढला. या घरात तो नीट वाचणारी ती पहिलीच. ‘परत बोलावून घेऊ’ हे वाक्य विमानाच्या तिकिटाइतकं सोपं नाही, हे तिच्यामुळे सगळ्यांना कळलं. मुदत संपण्याआधी योग्य कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई मागितली जाऊ शकते. फ्रान्सचा मिडफिल्डर लासाना दियारा आणि रशियातला लोकोमोटिव्ह मॉस्को क्लब यांचा करार २०१४ मध्ये तुटला, आणि दियाराला एक कोटी पाच लाख युरो भरपाई द्यायला सांगण्यात आलं. तो वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने या संदर्भातले फिफाचे काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले आणि त्यानंतर फिफाने ते बदलले. म्हणजे ठरला तो निकाल खेळाडूच्या बाजूने, पण मधे दहा वर्षं गेली.

दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडू क्लबला लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत देतो आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडू शकतो, हा फिफाचा नियम आहे. तिने भावाला पहिलं विचारलं ते हेच. पगार वेळेवर येत होता, हे त्यातल्या त्यात बरं. फिफप्रोने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे १४,००० खेळाडूंना विचारलं तेव्हा ४१ टक्क्यांनी मागच्या दोन वर्षांत पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं होतं. परदेशी क्लब म्हणजे पैशांची ददात नाही, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. हंगामात अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळवलं तरी करार मोडता येतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. नियम आहे, पण तो ‘प्रस्थापित’ खेळाडूसाठी, हंगामातल्या शेवटच्या सामन्यानंतरच्या १५ दिवसांतच वापरता येतो आणि प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरतो. संघटनेच्या वकिलाने तिला सांगितलं की या वाटेला न गेलेलं बरं. एजंटला फिफाचा परवाना आहे ना, हेही तिने तपासलं. २०२३ पासून त्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

उरला मार्ग लोनचा, म्हणजे करार याच क्लबशी ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळण्याचा. वडिलांना तो शब्दच नको होता. लोन म्हणजे क्लबने झिडकारलं, असं त्यांचं गणित. त्यांना लुका मॉड्रिच पाठ: २०१२ मध्ये रियाल माद्रिदला गेला, डिसेंबरमध्ये ‘मार्का’ दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं, तो टिकून राहिला आणि २०१८ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ओर जिंकला. आईवडिलांनी मुलांना हे उदाहरण दिलेलं मला आवडत नाही. एक तर त्या पहिल्या हंगामात मॉड्रिच नियमित खेळत होता. खेळताना टीका होणं आणि खेळायलाच न मिळणं यांत फार अंतर आहे. शिवाय जे टिकून राहिले आणि तरीही ज्यांचं काही झालं नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. आणि मॉड्रिचही अठराव्या वर्षी बोस्नियातल्या झ्रिन्यस्की मोस्तारकडे लोनवरच गेला होता. हे वडिलांना माहीत नव्हतं.

मला विचाराल तर अशा घरांत मार्टिन ओडेगार्डची गोष्ट सांगावी. नॉर्वेचा हा मिडफिल्डर जानेवारी २०१५ मध्ये सोळा वर्षांचा असताना रियाल माद्रिदला गेला, प्रचंड गाजावाजा झाला, आणि मग वर्षानुवर्षं तो मुख्य संघाबाहेर राहिला. लोनवर हेरेनवेन, लोनवर व्हिटेस, लोनवर रियाल सोसिएदाद. २०२१ मध्ये आर्सेनललाही आधी लोनवरच. त्याच उन्हाळ्यात तो तिथे कायमचा झाला आणि २०२२ मध्ये कर्णधार. या गोष्टीत सहनशक्तीचं कौतुक नाही. एकामागून एक जागी जाऊन तो खेळत राहिला, एवढंच. बावीस वर्षांच्या मिडफिल्डरला खरा सराव सामने खेळूनच मिळतो. आणि सोडून देणाऱ्याचं काय? रोमाबरोबर २००१ मध्ये इटलीची लीग जिंकलेला जपानचा हिदेतोशी नाकाता २००६ च्या विश्वचषकानंतर एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याला हरलेला म्हणणारा मला अजून भेटला नाही.

मुलाशी मी ठरवलं ते साधं होतं. राहायचं की जायचं, हा निर्णय दर शनिवारी यादी लागल्यावर घ्यायचा नाही. जानेवारीची ट्रान्स्फर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलता येतो तो ठरावीक काळ, जवळ येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तोवर काय पाहायचं ते मात्र लिहून ठेवायचं. झोप, सरावाला जाताना पोटात गोळा येतो का, आणि कोच आपल्याला कुठल्या जागेसाठी पाहतो. तिसरी गोष्ट कळायला कोचशी बोलणं भाग होतं. इतक्या महिन्यांत तो एकदाही बोलला नव्हता. मोडक्यातोडक्या भाषेत त्याने विचारलं की मध्यभागातल्या त्या दोघांत खेळायचं तर मला काय शिकावं लागेल. कोचने त्याला उभ्याउभ्याच उत्तर दिलं, फार उत्साहाने नव्हे, पण पुढच्या आठवड्यापासून सरावात त्याला त्या जागी उभं करायला लागला. मैदानावरची ओरड तो संघाच्या राखीव गोलकीपरकडून शिकला. तोही न खेळणाराच, आणि त्याच्याकडेही वेळ भरपूर. रिकाम्या दुपारींचा प्रश्न अर्धा त्याने सुटला.

यातून तो त्या क्लबच्या पहिल्या अकरांत आला, असं झालं नाही. दोन सामन्यांत शेवटची काही मिनिटं मिळाली, बस. डिसेंबरमध्ये त्याने स्वतःच क्लबकडे लोन मागितलं. त्यातही एक अडथळा होता: फिफाच्या नियमांनुसार जुलै २०२४ पासून एका क्लबला एका वेळी सहाच खेळाडू परदेशी क्लबांकडे लोनवर देता येतात, एकवीस वर्षांपर्यंतच्या, क्लबमध्येच घडलेल्या खेळाडूंना सूट असते, आणि हा बावीसचा. शेवटी त्याच देशातल्या खालच्या श्रेणीच्या क्लबने त्याला घेतलं. लहान गाव, लहान मैदान, मध्यभागातल्या दोघांतली जागा. तिथे तो जवळजवळ दर आठवड्याला खेळतो. कसा खेळतो ते मी विचारलेलं नाही. करार पुढच्या उन्हाळ्यात संपेल तेव्हा काय, हे त्यालाही माहीत नाही, आणि त्याबद्दल तो आता दोन वाक्यांहून जास्त बोलतो. वडिलांनी ते अ‍ॅप काढून टाकलेलं नाही. बघतात, पण विचारत नाहीत. मुलाला हे माहीत आहे आणि चालतं.

अशा घरांतून मला पत्रं येतात तेव्हा त्यांतली काही मात्र या गोष्टीसारखी वाट पाहण्याजोगी नसतात. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, एकट्याने पीत असेल, पैशांचा हिशेब लागत नसेल, सरावाला जाणंच बंद केलं असेल, आवडत्या खेळाडूबद्दलही बोलायचं सोडलं असेल किंवा ‘मी नसलो तरी काय’ असं काही बोललं असेल, तर विंडो, करार, एजंट यांतलं काहीही पाहू नका. क्लबच्या डॉक्टरांना किंवा तिथल्या खेळाडू संघटनेला त्याच दिवशी फोन करा, त्या देशातली तातडीची मदत सेवा गाठा, आणि शक्य असेल तर कुणीतरी स्वतः तिकडे जा. आजारपणाच्या रजेची सोय बहुतेक करारांत असते. परत आणायचं की नाही, ते त्याच्याजवळ पोचल्यावर, डॉक्टरांशी आणि त्याच्याशी बोलून ठरवा.